बैलावर पारखलेली गोळी

आमच्याकडं हत्यार हा शब्द दोन्ही कामांना चालतो. सुताराच्या पेटीत वाकस, पटाशी, रंधा असतो, ती त्याची हत्यारं. आणि खुनाच्या जागी पोलिसांना सापडतं, पंचनाम्यात लिहिलं जातं, तेही हत्यारच. शिकलेली माणसं अवजार वेगळं आणि शस्त्र वेगळं म्हणतात. आमच्या बोलण्यात तशी वाटणी कधी झाली नाही. खंडेनवमीला विळा, कोयता, खुरपं, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने आणि ज्याच्याकडं परवाना आहे त्याची बारा बोअरची बंदूक, सगळी एका ओळीत मांडायची. सगळ्यांना एकच हळदकुंकू आणि एकाच माळेतली झेंडूची फुलं.

लहानपणापासून हे बघत आलो. त्यात कधी काही खटकलं नाही. खटकायला लागलं ते एका परदेशी पिस्तुलाची माहिती वाचता वाचता. आमचा भाग फौजेचा. घरटी एक माणूस पलटणीत गेलेला असतो, त्यामुळं बंदुकीचं बोलणं आमच्या पारावर पीकपाण्याच्या बोलण्याइतकंच जुनं. आमचे सुभेदार आबा एकदा म्हणाले होते, की जगात पिस्तुलं रगड झाली, पण ज्याच्यावर माणसानं जीव टाकावा असं एकच, अमेरिकेचं पंचेचाळीस. तेव्हापासून त्याच्याविषयी मिळेल ते मी वाचत गेलो. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला वाचायला वेळ लागतो, पण सुगी झाली की वेळच वेळ.

या पिस्तुलाचं कागदावरचं नाव एम १९११. त्या साली, २९ मार्चला, अमेरिकन फौजेनं ते आपलं म्हणून पत्करलं आणि सालच त्याचं नाव झालं. पंचेचाळीस म्हणायचं कारण त्याच्या गोळीची जाडी. एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले पंचेचाळीस. आपल्या मापानं साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. गोळीचं वजन १५ ग्रॅम. पिस्तूल रिकामं असताना ११०० ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे खुरप्यापेक्षा जड आणि कुऱ्हाडीपेक्षा हलकं. मुठीत सात गोळ्यांची पेटी बसते. ही गोळी आवाजापेक्षाही हळू जाते, आणि लोकांना तिचं कौतुक तिच्या वेगाचं नाही. कौतुक असतं ते तिचा तडाखा बसल्यावर समोरचा माणूस काय करतो त्याचं.

इथंच या पिस्तुलाचा जन्म आहे. १८९८ साली स्पेननं फिलिपिन्स बेटं दोन कोटी डॉलरला अमेरिकेला देऊन टाकली. घरमालकाला न विचारता झालेलं खरेदीखत म्हणा. त्या बेटांच्या दक्षिणेकडचे मोरो लोक हा व्यवहार मानायला तयार नव्हते. ते आपल्या जमिनीवर उभे राहून, हातात पाती घेऊन लढत होते. अमेरिकन शिपायांकडं तेव्हा अडतीसच्या मापाची रिव्हॉल्व्हरं होती. तक्रार अशी आली की गोळी लागूनसुद्धा मोरो थांबत नाही. तो तसाच धावत येतो आणि शिपायाला कापूनच पडतो. फौजेनं जुनी पंचेचाळीसची रिव्हॉल्व्हरं पुन्हा काढली, आणि नव्या पिस्तुलाला गोळी केवढी असावी याचा शोध सुरू झाला.

गोऱ्यांचं हे गाऱ्हाणं आपल्याकडंही होऊन गेलं होतं. वायव्य सरहद्दीवरचे पठाण गोळी खाऊन थांबत नाहीत म्हणून इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोकाला फुटणारी गोळी केली. तिला नावच डमडम पडलं. १८९९ च्या हेगच्या परिषदेनं असल्या पसरणाऱ्या गोळ्यांना बंदी घातली. मग वेगळी वाट राहिली, गोळी जाड करायची.

किती जाड, हे ठरवायला १९०४ साली दोन माणसं शिकागोला गेली. एक थॉम्पसन, शस्त्रखात्याचे. दुसरे मेजर लागार्ड, फौजेचे डॉक्टर. शिकागोत जनावरांचा फार मोठा बाजार आणि त्याला लागून कत्तलखाने होते. तिथं त्यांनी वेगवेगळ्या मापाच्या गोळ्या माणसांच्या मुडद्यांवर झाडून पाहिल्या. मुडदा टांगायचा, गोळी मारायची आणि तो किती हलतो ते बघायचं. आणि जिवंत गुरांवर. बैलाच्या फुफ्फुसात गोळी घालायची, घड्याळ लावायचं आणि तो किती वेळानं पडतो ते लिहून घ्यायचं. दुसऱ्याला आतड्यात. जो पडला नाही त्याला शेवटी डोक्यात हातोडा घालून संपवायचं. अहवाल आला की पंचेचाळीसपेक्षा कमी जाडीची गोळी फौजेनं घेऊ नये. आजचे जाणकार त्या चाचणीला शास्त्राला धरून झालेली मानत नाहीत. पण तिचा आकडा पुढं पाऊणशे वर्षं टिकला.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं. बेंदराला ज्याच्या शिंगांना रंग लावतो, ज्याच्या पायावर पाणी घालतो, त्याचं हे. तुम्ही म्हणाल, ती गुरं कापायलाच आणलेली होती. खरं आहे, आणि त्यासाठी मी त्या डॉक्टरला राक्षस म्हणणार नाही. माझा एक बैल म्हातारपणी गोठ्यात बसला तो उठलाच नाही. दोन दिवस मान टाकून होता. शेवटच्या रात्री मी कंदील घेऊन त्याच्याशेजारी बसलो होतो आणि सारखा घड्याळाकडं बघत होतो. हा आता सुटावा, लवकर सुटावा, असं मनातल्या मनात म्हणत होतो. पहाटे तो गेला. म्हणजे मरणाला किती वेळ लागतो हे घड्याळात बघणारा मीही आहे. पण मला तो सुटायला हवा होता आणि त्यांना तो पडायला हवा होता. दोघांच्या घड्याळात काटे तेच. या दोन्हीतला फरक मला आतून कळतो, पण कुणी वाद घातला तर मी तो नीट सिद्ध करू शकेन असं वाटत नाही.

माप ठरलं. आता पिस्तूल घडवायचं होतं, आणि ते घडवणारा माणूस असा होता की त्याच्याविषयी वाचताना राग धरवत नाही. जॉन ब्राउनिंग. १८५५ साली युटा प्रांतातल्या ऑग्डन गावी जन्मला. बाप बंदुका दुरुस्त करायचा. एकूण बावीस भावंडं, कारण बापाला तीन बायका. पोरगं बापाच्या कारखान्यात भंगाराच्या ढिगात खेळत मोठं झालं. आपल्याकडं लोहाराचं पोर भात्याजवळ मोठं होतं तसंच. शाळा बेताचीच, पण लोखंड कळायचं. असं सांगतात की एकदा बंदूक उडाल्यावर नळीच्या तोंडापुढचं गवत वाऱ्यानं मोडल्यासारखं आडवं झालेलं त्यानं पाहिलं. हा जोर फुकट चाललाय, याच्याकडून काम करून घेता येईल, हे त्याच्या डोक्यात आलं. त्यातून पुढं आपोआप भरणाऱ्या बंदुका निघाल्या. गवत सगळ्यांच्याच पुढं हलत होतं. पाटाचं वाया जाणारं पाणी बघून ज्याला झोप लागत नाही अशा जातीचा हा माणूस. त्याच्या नावावर १२८ पेटंटं आहेत.

पंचेचाळीसमध्ये त्यानं तोच धक्का कामाला लावला. गोळी पुढं सुटते तेव्हा धक्का मागं येतो. त्या धक्क्यानं नळी आणि वरचं झाकण एकमेकांत अडकून थोडं मागं सरकतात. मग एका छोट्या कडीवर नळी खाली झुकते आणि अडकण सुटते. झाकण एकटंच मागं जातं, रिकामी पुंगळी बाहेर फेकतं, घोडा चढवतं. स्प्रिंग त्याला परत पुढं ढकलते, तेव्हा जाता जाता ते पेटीतली नवी गोळी उचलून नळीत घालतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि खोलायचं झालं तर पान्याची गरज नाही, स्क्रू ड्रायव्हरची नाही. चिखलात बसून, बोटांनी, त्याचाच एक भाग दुसऱ्याला लावून खोलता येतं. ज्यानं भर हंगामात दीड रुपयाच्या पिनेसाठी तालुक्याला हेलपाटा मारलाय, त्याला या गोष्टीची किंमत सांगायला नको.

मार्च १९११ मध्ये फौजेनं त्याची परीक्षा घेतली. दोन दिवसांत ६००० गोळ्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा चालवायचं. दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल त्यात ३७ वेळा अडकलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही. मी असं एकही इंजिन पाहिलेलं नाही.

यात एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. घोडदळाच्या मागणीवरून या पिस्तुलाला चुकून न उडण्याच्या जादा सोयी केल्या. मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी आहे. हातानं मूठ नीट आवळली तरच ती दबते आणि मगच पिस्तूल उडतं. शिवाय अंगठ्याजवळ एक खटका. घोडा उधळला, हातातून पिस्तूल निसटलं, तर भलताच माणूस मरू नये. एवढी काळजी! आणि त्याच यंत्रात, त्याच माणसानं, मारायचंय तो मात्र जागच्या जागी पडावा याचीही तेवढीच काळजी घेतलेली. दोन्ही काळज्या एकाच हातातून आल्या. आम्ही औताच्या फाळाला पोत्याचं बोंदरं गुंडाळतो, पोराच्या पायाला लागू नये म्हणून. पण फाळ जमिनीसाठी असतो.

लोक सहज म्हणतात, हत्याराला पाप नसतं, हाताला असतं. मला हे अर्धंच पटतं. कोयत्यानं माणूस मारता येतो, मारलेलेही आहेत. पण त्यासाठी कोयत्याला त्याच्या कामावरून उठवावं लागतं. त्याचा बाक उसासाठी आहे. पंचेचाळीसचा आकार कशावरून ठरला? मोरो किती पावलांवर पडतो आणि बैल किती मिनिटांत, त्यावरून. त्याला दुसरं काम नाही. निशाणाच्या पाट्या फोडतात ती त्या कामाची उजळणी झाली. तेव्हा हात पापी असेल किंवा पुण्यवान असेल, पण हाताला काय करायचं सुचणार ते मुठीच्या आकारातच घडवून ठेवलेलं आहे, असं मला वाटतं.

आता कुणी मला गांधीबाबाच्या मागं लावून मोकळा होऊ नये. आमच्या घरात एका खुंटीवर तुळशीची माळ आणि दुसरीवर फौजेची टोपी, दोन्ही बघत मी वाढलो. ब्राउनिंग हे नाव महाराष्ट्राला पंचेचाळीसच्या आधीपासून ठाऊक आहे. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, पेटीच्या चोरकप्प्यातून, २० ब्राउनिंग पिस्तुलं धाडली. त्यातल्या एकानं २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला मारलं. आत ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, जॅक्सनच्या निरोपाचा. कान्हेऱ्यांचं वय अठराच्या घरात. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात ते, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. शाळेत आम्ही ही नावं मान ताठ करून घोकली. माझी मान आजही ताठच होते. पण मोठेपणी वाचलं की तो जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, लोक त्याला पंडित म्हणायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या. पिस्तूल एकीकडंही झुकलं नाही. जो बोट ओढेल त्याचं ते झालं.

साडेचार वर्षांनी, २८ जून १९१४ ला, सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला तेही ब्राउनिंगच्याच पिस्तुलानं. ते बेल्जियममध्ये लिएजजवळ एर्स्ताल गावच्या कारखान्यात तयार झालेलं होतं. त्या खुनावरून महायुद्ध पेटलं आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात जर्मन फौज सगळ्यात आधी चालून गेली ती लिएजवर. कारखाना त्यांच्या ताब्यात गेला. विकलेल्या मालाचा पत्ता असा शोधत परत आला.

त्याच युद्धात पंचेचाळीसची सगळ्यात गाजलेली गोष्ट घडली, आणि ती एका शेतकऱ्याची आहे. आल्विन यॉर्क. टेनेसीच्या डोंगरातला, अकरा भावंडांतला, शिक्षण नावापुरतं. तरणेपणी दारू पिऊन मारामाऱ्या करायचा, मग देवाला लागला आणि बदलला. फौजेत बोलावणं आलं तेव्हा यानं लढायला नकार लिहून दिला. बायबलमध्ये मारू नको असं सांगितलंय, मग मी कसा मारू? अर्ज फेटाळला गेला. पलटणीत त्याचे कॅप्टन आणि मेजर बायबल उघडून त्याच्याशी बोलत बसले. ते या पानावरचं दाखवायचे, हा त्या पानावरचं. शेवटी त्याला घरी जायला रजा दिली. तो डोंगरावर जाऊन प्रार्थना करत बसला आणि लढायला तयार होऊन परत आला. आपल्याकडं हा प्रसंग सांगितला की ऐकणारा लगेच म्हणतो, हा तर अर्जुन. पण अर्जुनाला उत्तर द्यायला कृष्ण होता. याला डोंगरावर कुणी भेटलं, काय कानात सांगितलं, ते त्याचं त्याला माहीत.

८ ऑक्टोबर १९१८. फ्रान्समधलं आर्गोनचं रान. यॉर्क रायफल चालवत असताना सहा जर्मन संगिनी रोखून त्याच्यावर धावून आले. त्यानं पंचेचाळीस काढलं आणि सगळ्यात मागच्याला आधी पाडलं. मग त्याच्या पुढच्याला. असं करत सगळ्यात पुढचा शेवटी. घरी रानातल्या टर्की पक्ष्यांची शिकार तो अशीच करायचा. मागचा पडलेला पुढच्याला दिसत नाही, म्हणून थवा उडत नाही. सहाही पडले. त्या दिवशी त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी १३२ कैदी धरून आणले. अमेरिकेचं सगळ्यात मोठं पदक त्याला मिळालं. गावी परतल्यावर त्यानं काय केलं, तर डोंगरातल्या पोरांसाठी पैसे गोळा करून शाळा काढली.

या गोष्टीतलं शौर्य मला कळतं. ते सहाजण त्याला मारायलाच येत होते. पण रानात पाखरं टिपायची युक्ती माणसांवर लागू पडली, हे वाचताना मला तो शिकागोचा बैल आठवला. तिथं जनावर माणसाच्या जागी उभं केलं होतं. इथं माणूस पाखराच्या.

दुसऱ्या महायुद्धात कोल्टचा कारखाना पुरा पडेना, तेव्हा इतर कारखान्यांना काम वाटून दिलं. त्यातली दोन नावं वाचून मी हसलोच. एक सिंगर. होय, शिलाई मशीनवाली. आमच्या गावच्या शिंप्याच्या मशीनवर सोनेरी अक्षरात जे नाव होतं, तेच. त्यांनी ५०० पिस्तुलं केली. दुसरं रेमिंग्टन रँड. तालुक्याच्या कचेरीबाहेर, लिंबाखाली बसून अर्ज टाइप करून देणाऱ्यांच्या यंत्रावर रेमिंग्टनचंच नाव असायचं. युद्धात सगळ्यात जास्त पंचेचाळीस त्यांनीच बनवली. कापड शिवणारं आणि कागद लिहिणारं लोखंड, आकडे बदलले की हे. म्हणून मला वाटतं की आमच्या बोलीत हत्यार हा एकच शब्द आहे, तो काही अडाणीपणातून आलेला नाही. बोलणाऱ्यांनी लोहाराची भट्टी जवळून बघितली होती.

अमेरिकन सरकारसाठी अशी एकंदर २७ लाखांच्या आसपास पिस्तुलं झाली. १९८५ साली फौजेनं त्याच्या जागी नऊ मिलिमीटरचं इटालियन बेरेटा घेतलं. एवढ्यानं ते मोडीत जायला हवं होतं. आमच्याकडं लोखंडी मोट गेली, रहाट गेला, कुणी पुन्हा घडवत बसलं नाही. पण पंचेचाळीस आजही नवं बनतं, कितीतरी कंपन्या बनवतात. सिंगरच्या त्या ५०० मधल्या एकेकाला लिलावात लाख डॉलरच्या वर किंमत आलेली आहे. असं काय आहे त्यात? हातात बसणं, न अडकणं, सोपेपणा, हे तर आहेच. शिवाय बापानं, आजोबानं वापरलेलं आहे. आजोबाचा विळा मीही मुठी बदलून बदलून जपलाय, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मला आणखी एक कारण दिसतं. या पिस्तुलाच्या सगळ्या गोष्टी मुठीच्या बाजूनं सांगितलेल्या आहेत. शिपाई कसा वाचला, नेम कसा बसला. तोंडाच्या बाजूला जे होते त्यांनी पिस्तुलावर पुस्तक लिहिलं नाही. मोरोला काय वाटलं? एका हातातल्या पात्याच्या जोरावर जो गोळ्या अंगावर घेत आपल्या जमिनीसाठी धावत राहिला, त्याच्या छातीचं माप पुस्तकात आहे. मात्र ते गोळीची जाडी म्हणून आहे.

ब्राउनिंग २६ नोव्हेंबर १९२६ ला गेला. लिएजच्या त्याच कारखान्यात, काम करता करता छातीत कळ येऊन. त्याच्या हातात तेव्हा एका नव्या पिस्तुलाचं काम होतं. ते पुढं बेल्जियमच्याच सेव्ह नावाच्या कारागिरानं पुरं केलं. दुसऱ्या महायुद्धात तेच पिस्तूल बेल्जियममध्ये जर्मनांसाठी बनत होतं आणि कॅनडात जर्मनांच्या शत्रूंसाठी. त्याचाच नमुना बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात आपल्या फौजेसाठी बनायला लागला. आमचे सुभेदार आबा ज्याला नऊ एमएम म्हणतात ते हेच.

मी आबांना एकदा विचारलं, “आबा, इतकी वर्षं कमरेला होतं. आवडायचं का तुम्हाला?”

आबा म्हणाले, “साफ करायला आवडायचं. दुपारी फडकं, तेल, ब्रश घेऊन बसायचं. नळी काढायची, उजेडाकडं धरायची आणि पुढच्या तोंडानं आत बघायचं. आत गोल गोल आटे दिसतात, चकचकीत. लई देखणं दिसतं गड्या.” मग तंबाखू मळता मळता म्हणाले, “पर त्याच्या आधी रिकामं हाय का ते दोनदा बघायचं. एकदा नजरेनं, एकदा बोट घालून. मग कोतात जमा करायचं, सही करायची आन् जेवायला जायचं.”